कागद उरला ते जहाज उरले

लाकडी शिडाच्या जहाजाची प्रतिकृती बांधण्याचे किट हाती आले की पेटीत साधारण ठरावीक गोष्टी निघतात: लेसरने कापलेले प्लायवुडचे सांगाड्याचे तुकडे, लाइमवुड आणि अक्रोडाच्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या, पितळी तोफा, दाण्याएवढ्या कप्प्या, सुताची रिळे आणि घड्या घातलेले मोठे नकाशे. इटली, स्पेन, डेन्मार्क आणि अमेरिका येथील उत्पादकांनी हा छंद गेल्या शतकात जगभर नेला. त्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर तीच नावे पुन्हा पुन्हा समोर येतात. नेल्सनचे व्हिक्टरी, अमेरिकेचे कॉन्स्टिट्यूशन, बंडामुळे गाजलेले बाउंटी, कुकचे एन्डेव्हर, चहाच्या व्यापारातले कटी सार्क, कॅनडाचे ब्लूनोज. हजारो वर्षे आणि सगळ्या समुद्रांवर माणसाने जहाजे बांधली, मग बांधायला मिळतात ती एवढीच का? ही जहाजे प्रसिद्ध आहेत म्हणून, असे उत्तर सहज दिले जाते. ते अपुरे आहे. प्रसिद्धीच्या आधी एक चाळणी लागलेली असते आणि ती चाळणी कागदाची आहे. ज्या जहाजाचा आराखडा कोणीतरी काढला आणि कोणीतरी जपला, तेच जहाज आज टेबलावर पुन्हा उभे राहू शकते. म्हणून या छंदाचा इतिहास पाहताना कोणत्या समाजाने आपले सुतारकाम कागदावर उतरवले आणि कोणाचे ते कारागिराबरोबर गेले, हा प्रश्न टाळता येत नाही. मराठी वाचकाला तो थेट मराठा आरमाराच्या गुराबा आणि गलबतांपाशी आणून सोडतो.

इंग्लंडमध्ये जहाज कागदावर उतरू लागल्याचा फार जुना पुरावा मॅथ्यू बेकर या राजाश्रयातल्या जहाजबांधणी सुताराच्या हस्तलिखितात सापडतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही रेखाटने पुढे आरमारी प्रशासक सॅम्युएल पीप्सच्या संग्रहात गेली आणि आज केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. त्यातल्या एका प्रसिद्ध चित्रात जहाजाच्या पाण्याखालच्या भागावर माशाची आकृती बसवून दाखवली आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून रेखाटनाच्या जोडीला प्रतिकृती आली. इंग्लंडच्या आरमारी कारभाराशी जोडल्या गेलेल्या या ‘नेव्ही बोर्ड’ प्रतिकृती बहुधा एका फुटाला पाव इंच, म्हणजे ४८ पट लहान, या प्रमाणात असत. खालच्या अंगाला फळ्या न ठोकता फासळ्या उघड्या ठेवण्याची त्यांची पद्धत होती. आजच्या किटांतही १:४८ हे प्रमाण मानाचे समजले जाते, तो या परंपरेचा वारसा आहे. फ्रान्समध्ये दुहामेल दु मोन्सो या शास्त्रज्ञाने आपला प्रतिकृतींचा संग्रह १७४८ मध्ये पंधराव्या लुईला दिला आणि त्यातून पुढे पॅरिसचे नौदल संग्रहालय उभे राहिले. अशी प्रतिकृती बनली ती गोदी, दरबार आणि कारखाना यांच्यातल्या व्यवहाराची वस्तू म्हणून. दिवाणखान्यातली शोभा हे तिचे पुढचे रूप.

अमेरिकेत याच व्यवहाराने वेगळे वळण घेतले. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टच्या ऑर्लंडो मेरिल या जहाज बांधणाऱ्याच्या नावावर १७९४ च्या सुमाराची एक युक्ती सांगितली जाते. आडव्या फळ्यांचे थर एकावर एक बसवायचे, त्यातून जहाजाची अर्धी बाजू कोरायची, मग थर सुटे करून प्रत्येकाची कड मोजायची आणि ती मापे वाढवून गोदीच्या जमिनीवर पूर्ण आकारात आखायची. इथे प्रतिकृती आधी आणि जहाज नंतर. लाकूडच आराखड्याचे काम करत होते. हे अर्धे साचे कार्यशाळांच्या भिंतींवर टांगलेले राहिले, म्हणून स्कूनर प्रकारच्या अनेक शिडाच्या जहाजांचा आकार, त्यांचा एकही कागद नसताना, नंतरच्या संशोधकांना काढता आला. तेव्हा इथे ‘कागद’ म्हणताना नोंद एवढाच अर्थ घ्यायचा: शाईची असो वा लाकडाची, पण मोजता येणारी आणि कारागीर गेल्यावरही मागे राहणारी.

नोंद नसली की प्रतिकृतीचे काय होते, याचे उदाहरण त्याच काळातले आहे. फ्रान्सशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडने हजारो कैदी नॉर्मन क्रॉससारख्या छावण्यांत ठेवले. त्यांतल्या कसबी हातांनी जेवणातल्या मांसाची हाडे साफ करून, कापून, त्यांची जहाजे घडवली आणि छावणीच्या बाजारात विकली. कारागिरी म्हणून ती थक्क करणारी आहेत. परंतु ती बरीचशी आठवणीवर आणि अंदाजावर घडली होती, समोर आराखडा नव्हता. त्यामुळे पुष्कळदा डोलकाठ्या प्रमाणाबाहेर उंच दिसतात, आणि गिऱ्हाइकाला आवडेल असे प्रसिद्ध जहाजाचे नाव कोरलेले असले तरी आकार त्या जहाजाशी जुळेलच असे नाही. हातात कौशल्य कितीही असले तरी मापाची नोंद नसेल तर वस्तू सुंदर होते, साक्षीदार होत नाही.

प्रसिद्धीपेक्षा कागद मोठा ठरतो याचा सर्वांत स्वच्छ दाखला बाउंटी आणि एन्डेव्हर यांच्यात आहे. बाउंटी हे मुळात हल येथे बांधलेले बेथिया नावाचे एक मामुली मालवाहू जहाज होते. १७८७ मध्ये आरमाराने ते विकत घेतले. एन्डेव्हर हे व्हिटबीचे कोळसा वाहणारे जहाज, मूळ नाव अर्ल ऑफ पेम्ब्रोक, खरेदी १७६८. विकत घेतलेले किंवा शत्रूकडून पकडलेले जहाज गोदीत घेऊन त्याची बारकाईने मापे काढायची आणि त्यांवरून आराखडा तयार करायचा, अशी ब्रिटिश आरमाराची रीत होती. ही दोन्ही जहाजे डेप्टफर्डच्या गोदीत आली, तिथे त्यांचे आराखडे झाले आणि ते ग्रिनिचच्या संग्रहात टिकले. बाउंटीचा कप्तान ब्लाय याच्याविरुद्धचे बंड आणि कुकचा प्रवास यांनी या जहाजांना नाव दिले हे खरे, पण आज त्यांची फळी न फळी बांधता येते ती त्या कारकुनी शिस्तीमुळे. त्यांच्याच सोबत त्याच किनाऱ्यावर बांधल्या गेलेल्या कितीतरी कोळसावाहू जहाजांचा आकार कायमचा हरवला, कारण त्यांना आरमाराने कधी विकत घेतले नाही.

हा कागद किटमध्ये कसा उतरतो तेही पाहिले पाहिजे. जहाजाच्या आराखड्यात तीन दृश्ये असतात: बाजूने, वरून आणि समोरून. समोरच्या दृश्यात ठरावीक अंतरांवर घेतलेले आडवे छेद एकात एक काढलेले असतात. किटमधले प्लायवुडचे आडवे पडदे म्हणजे हेच छेद, कागदावरून उचलून लाकडात कापलेले. ते मधल्या उभ्या कण्याच्या खाचांत बसवले की जहाजाचा आकार हवेत उभा राहतो आणि त्यावर पट्ट्या चढवायच्या. इथे एक रास्त आक्षेप येतो. यंत्राने कापून दिलेले तुकडे खाचांत बसवणे यात जहाजबांधणी ती कोणती? ज्याला साग निवडावा लागला नाही, ज्याने तासणी हातात धरली नाही, त्याला त्या सुताराचे काय कळणार? आक्षेप अर्धा खरा आहे. लाकडाची पारख, ओझे, पाऊस, मजुरी, समुद्राची भीती यांतले काहीच टेबलावर येत नाही. परंतु एक गोष्ट येतेच, आणि ती या विद्येचा गाभा आहे. सपाट, सरळ फळी दोन दिशांनी वळणाऱ्या अंगावर जशीच्या तशी बसत नाही. जहाजाच्या पोटाशी घेर मोठा आणि टोकांशी लहान, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करावी लागते, भिजवून किंवा वाफ देऊन वाकवावी लागते, कुठे पाचर घालून जागा भरावी लागते. प्रत्यक्ष गोदीतल्या सुतारालाही हेच कोडे सोडवावे लागत होते. फळी मोठी असो वा पाच मिलिमीटरची, भूमिती तीच राहते. म्हणून किट बांधणाऱ्याला जहाजाचा आकार असाच का झाला हे हातातून समजते, आणि पुस्तक वाचून ते समजत नाही.

आता मुंबईकडे येऊ. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इथल्या गोदीत मलबारी सागाची जहाजे बांधली. १८१० मध्ये पाण्यात उतरलेले मिंडेन, १८१३ चे कॉर्नवॉलिस, ज्यावर १८४२ मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हातून उतरलेले ट्रिंकोमाली ही त्यांपैकी ठळक नावे. ट्रिंकोमाली आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभे आहे. साग टिकाऊ, काम पक्के, म्हणून ते दोनशे वर्षे टिकले. परंतु त्याच्या आकाराचा इतिहास मुंबईत सुरू होत नाही. १७८२ मध्ये ब्रिटिशांनी हेबे हे फ्रेंच फ्रिगेट पकडले, त्याची मापे घेतली आणि त्यावरून जहाजांचा एक पूर्ण वर्ग बेतला. ट्रिंकोमाली त्याच वर्गातले. मुंबईसाठी निघालेला आराखड्यांचा पहिला संच जावा या जहाजावर होता. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ कॉन्स्टिट्यूशनने जावाला हरवले, जहाज नष्ट झाले आणि तो संचही गेला. नवे कागद येईपर्यंत काम खोळंबले आणि कणा पडायला १८१६ उजाडले. ज्या कॉन्स्टिट्यूशनच्या प्रतिकृती आज जगभर बांधल्या जातात, त्याने मुंबईच्या गोदीचे कागद समुद्रात बुडवले होते. या घटनेतून एक गोष्ट निर्विवाद दिसते. आरमारी जहाजाच्या बाबतीत कारागीर, लाकूड आणि गोदी तयार असूनही कागदावाचून काम पुढे जात नव्हते.

लवजी मुंबईत आले त्या काळात मुंबईच्या दक्षिणेला खाड्याखाड्यांवर कागदावाचून जहाजे बांधली जात होती. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन लिहून ठेवले. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीनची ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, तळ उथळ, पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब सोंड आणि तिच्यावरून मारा करणाऱ्या तोफा. गलबत सहसा ७० टनांच्या आत, दोन डोलकाठ्या आणि चाळीस-पन्नास वल्ही. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजे फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असावीत. पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा एक सुभा असावा. सागासारखे लाकूड परवानगीने तोडावे आणि रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, इतका बारीक विचार त्यात आहे. राज्यकारभाराला कागदाचे वावडे नव्हते. जे कागदावर आले नाही ते जहाजाचे अंग: कोणत्या फासळीला किती घेर, सोंड किती पुढे, पठाण म्हणजे तळाचा कणा किती लांब. ते ज्ञान सुताराच्या डोळ्यात, मापाच्या दोरीत आणि बापाकडून लेकाकडे जाणाऱ्या प्रमाणांत होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि त्या हल्ल्यात पेशव्यांचे वैर इंग्रजांच्या तोफांना मिळालेले होते हे विसरता येत नाही. त्या आगीत जहाजे गेली, आणि ती पुन्हा काढता येतील असे मोजमाप कुठे लिहिलेले नव्हते.

यावर कोणी म्हणेल की कागद नसणे हा कमीपणा ठरवून आपणच आपल्या कारागिरांना हलके लेखतो. तसे समजण्याचे कारण नाही. आराखडा ही प्रामुख्याने दूरवर हुकूम चालवणाऱ्या कारभाराची गरज असते. लंडनमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला मुंबईतल्या सुताराकडून हवे तसे जहाज घ्यायचे, तर मध्ये कागद लागतोच. बांधणारा, वापरणारा आणि पैसे देणारा एकाच खाडीवर राहत असतील, तर त्यांना त्याची गरज भासत नाही. वाडियांच्या गोदीत वापरली जाणारी, एका फळीच्या खाचेत दुसरीची कड घट्ट बसवून मध्ये कापूस आणि राळ घालण्याची पद्धत युरोपीय जाणकारांनी वाखाणली, आणि ती पद्धत कोणत्या आराखड्यातून आलेली नव्हती. विद्या उत्तम होती, फक्त तिची वाहतूक माणसाच्या आयुष्याएवढीच होती. माणूस टिकला तोवर ती टिकली. आगबोटी आल्या, मग लोखंडी जहाजे आली, आता फायबरच्या होड्या आल्या, आणि प्रत्येक वेळी काही हात रिकामे झाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गुराबेचा आराखडाच नसेल तर तिचे किट म्हणजे निव्वळ कल्पना ठरेल, आणि खोट्या नेमकेपणापेक्षा रिकामी जागा बरी. हे तत्त्व मान्य केले तर बाजारातली दोन अतिशय लोकप्रिय जहाजे आधी काढून टाकावी लागतील. कोलंबसच्या सांता मारियाचा एकही आराखडा नाही. ते १४९२ च्या नाताळात हैतीच्या किनाऱ्यावर फुटले, आणि आज दिसणारी त्याची रूपे १८९२ च्या चारशेव्या वर्षापासून विद्वानांनी तर्काने उभी केलेली आहेत. इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेत नेणाऱ्या मेफ्लॉवरचे समकालीन चित्रही उपलब्ध नाही. १८० टनांच्या आसपासच्या एका उल्लेखावरून आणि त्या काळच्या जहाजबांधणीच्या नियमांवरून विल्यम बेकर यांनी त्याचा आराखडा बेतला, त्यावरून पूर्ण आकाराचे जहाज बांधले गेले आणि १९५७ मध्ये ते अटलांटिक ओलांडून गेले. या तर्कांना कोणी खोटे म्हणत नाही, कारण त्यांचा आधार काय आणि अंदाज कुठे सुरू होतो हे सांगितलेले असते. या मापाने पाहिले तर गुराबेचा पुरावा मेफ्लॉवरपेक्षा कमी नाही. ऑर्मची टनांची आणि वल्ह्यांची वर्णने आहेत. विजयदुर्गावरचा हल्ला डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने रंगवला आहे. श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीच्या गोदीतले जॉन एडाय यांनी १८३४ मध्ये आपल्या किनाऱ्यांवरच्या देशी जहाजांचे वर्णन आकृत्यांसह छापले. फ्रेंच नौदलातले एदमों पारी यांनी १८४० च्या दशकात युरोपाबाहेरच्या नौकांचे मोठे सचित्र पुस्तक काढले, त्यात आपल्या किनाऱ्यावरच्या फत्तेमाऱ्याही आहेत. पुढे पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचे प्रमुख झाल्यावर त्यांनी आपल्या रेखाटनांवरून प्रतिकृतीही बनवून घेतल्या. बोरिवलीच्या एकसरला वीरगळांवर कोरलेली वल्ह्यांची जहाजे याहूनही जुनी आहेत. म्हणजे प्रश्न पुरावा नसण्याचा उरत नाही. तो एकत्र करून त्यावरून आराखडा काढण्याचे काम आपण मनावर घेतलेले नाही, एवढाच उरतो.

असे काम होऊ शकते, याची साक्ष अगदी अलीकडची आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रातील जहाजावरून शिवलेल्या फळ्यांचे जहाज बांधायचे ठरले, तेव्हा हातात आराखडा नव्हता, फक्त भिंतीवरचे रंग होते. केरळचे मुख्य कारागीर बाबू शंकरन आणि त्यांचे साथीदार यांनी ते गोव्यात बांधले. त्याच्या प्रतिकृतीची चाचणी आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात झाली, आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते कौंडिण्य या नावाने नौदलात आले. चित्रापासून जहाजापर्यंतच्या या वाटेत प्रतिकृती पुन्हा आपल्या मूळ कामावर परतली: अंदाज खरा की खोटा हे समुद्रात जाण्याआधी पाहण्याचे साधन म्हणून.

कारागीर अजून आहेत तोवर नोंद कशी करायची, याचेही उदाहरण आहे. महामंदीच्या काळात, १९३६–३७ मध्ये, अमेरिकेच्या सरकारने बेकार झालेल्या नौका-आरेखकांना कामाला लावले. किनाऱ्यांवर कुजत पडलेली शिडाची जहाजे आणि कार्यशाळांतले अर्धे साचे मोजून त्यांनी आराखडे काढले. ते आजही संशोधकांना आणि छंदिष्टांना मिळतात, आणि त्यांतल्या कित्येक नौका नंतर कायमच्या नाहीशा झाल्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या खाड्यांवर लाकडी होडी बांधणारे हात आज थोडे आहेत, पण आहेत. महाराष्ट्रातली वास्तुकला आणि अभियांत्रिकीची महाविद्यालये, वस्तुसंग्रहालये आणि नौदलाचे अभ्यासक यांनी मिळून त्यांच्याकडची एकेक होडी मोजली, पठाण, नाळ (पुढचे टोक) आणि वाकांचे (फासळ्यांचे) छेद काढले, त्यांनी वापरलेली प्रमाणे लिहून घेतली, तर त्यातून गुराबेचा आराखडा तर्काने मांडायला आधार मिळेल. पुढे त्याचे किट होईल, शाळकरी मुले ते बांधतील, आणि त्यांना कळेल की कोकणचे आरमार म्हणजे फक्त लढायांच्या तारखा नव्हत्या, ती एक अवघड सुतारविद्या होती. एन्डेव्हर आज बांधता येते कारण डेप्टफर्डमध्ये कोणीतरी कंटाळा न करता मोजपट्टी धरली. आपल्याकडे ती धरण्याची वेळ अजून गेलेली नाही, मात्र ती फार दिवस थांबणारही नाही.